‘टिपटो’ कसा वापरावा: उचललेल्या टाचेपासून टाळलेल्या विषयापर्यंत

अनुवाद तपासताना एकदा एका वाक्यापाशी माझी पेन्सिल थांबली. ‘वडिलांच्या कर्जाची गोष्ट निघाली, की घरातले सगळे त्या विषयाभोवती चवड्यांवर चालत,’ असे ते वाक्य होते. मूळ इंग्रजीत ‘टिपटो अराउंड’ असणार हे उघड होते, आणि अनुवादकाने शब्दकोशातला अर्थ प्रामाणिकपणे उतरवून घेतला होता, हेही उघड होते. वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र आई, दोन मुलगे आणि थोरली सून अशी मंडळी टाचा उचलून एखाद्या टेबलाला प्रदक्षिणा घालताना उभी राहत होती. समासात मी ‘कर्जाची गोष्ट निघाली, की घरातले सगळे जपून बोलत’ एवढेच लिहिले आणि पुढे गेलो. पण त्या शब्दाने पाठ सोडली नाही. पाय न वाजवता चालण्यासाठी इंग्रजीत बरीच क्रियापदे आहेत, आणि ती सगळी ‘हळूच चालणे’ या एकाच खणात टाकली, की इंग्रजी वाचताना अर्थ निसटतो आणि इंग्रजी लिहिताना भलताच अर्थ चिकटतो. ‘टिपटो’ नेमका कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. शेजारचे शब्द येतील ते ‘टिपटो’ची हद्द दिसावी एवढ्यापुरतेच.

टाच आणि चवडा

‘टिप’ म्हणजे टोक आणि ‘टो’ म्हणजे पायाचे बोट, असा हा साधा जोडशब्द आहे. उच्चारताना आघात पहिल्या अवयवावर पडतो आणि दोन्ही अवयव एका दमात म्हटले जातात. आपल्याकडे ते पुष्कळदा तोडून, दोन वेगळ्या शब्दांसारखे म्हटले जातात. शब्दशः अर्थ ‘बोटांची टोके’ असा असला, तरी बोटांच्या टोकांवर प्रत्यक्षात कोणी चालत नाही. तसे उभे राहण्यासाठी बॅले नर्तकीला पुढून कडक केलेले खास बूट लागतात आणि अनेक वर्षांची तालीम लागते. सामान्य माणूस फक्त टाच उचलतो आणि शरीराचा भार चवड्यावर घेतो. या बाबतीत मराठीतला ‘चवडा’ इंग्रजी शब्दापेक्षा नेमका आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

टाच उचलल्याने आवाज कमी का होतो, हेही एकदा पाहून ठेवावे, कारण शब्दाचा पुढचा सगळा संसार त्यावर उभा आहे. नेहमीच्या चालीत टाच आधी टेकते, आणि टाचेचे हाड जवळजवळ सरळ जमिनीवर आदळते. लाकडी तक्तपोशीच्या घरात वरच्या मजल्यावर कोण चालत आहे हे खालच्या माणसाला कळते, ते या टाचेमुळे. चवडा आधी टेकला, की घोटा आणि पोटरी मिळून भार हळूहळू खाली उतरवतात, आणि ठोक्याची जागा दाब घेतो. मात्र त्यासाठी पोटरीला ताण पडतो, तोल सांभाळावा लागतो, आणि दहा-वीस पावलांत माणूस कंटाळतो. म्हणजे ‘टिपटो’ या क्रियेत शांततेइतकाच यत्न भरलेला आहे. हा यत्नाचा भाग ध्यानात ठेवला, तर शब्द चुकीच्या जागी पडण्याची भीती निम्मी कमी होते.

याचा उत्तम पुरावा मांजर देते. मांजर आणि कुत्रा हे प्राणी जन्मभर बोटांवरच चालतात. त्यांची टाच कायम अधांतरी असते आणि आपण ज्याला मांजराचा मागचा उलटा गुडघा समजतो, तो खरे तर घोट्याचा भाग असतो. शरीररचनेच्या हिशेबाने मांजर आयुष्यभर ‘टिपटो’ करते. तरीही मांजराच्या साध्या चालीला इंग्रजी लेखक ‘टिपटो’ म्हणत नाही. तो ‘पॅड’ हे क्रियापद वापरतो. मांजराला त्यासाठी काही करावे लागत नाही, मऊ गादीचा तळवा त्याला मिळालेलाच असतो. एखाद्या गोष्टीत मांजर ‘टिपटो’ करत आले असे वाचले, तर लेखकाने त्याला माणसाचा स्वभाव दिला आहे, हे ओळखावे.

सर्वांत मोठा आवाज करणारा ‘टिपटो’

या शब्दाची जुनी वाटचाल थोडी गमतीची आहे, आणि ती केवळ गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने कोंबडा आणि कोल्हा यांची एक पद्यकथा लिहिली. तिच्यात कोल्हा कोंबड्याला फशी पाडण्यासाठी त्याच्या दिवंगत बापाची तारीफ करतो: तो डोळे मिटून, टाचा उंचावून, मान लांब करून काय जोरात आरवायचा! त्या ओळीत ‘टिपटो’चे जुने अनेकवचनी रूप आले आहे. हळूच चालण्याचा शब्द म्हणून आपण जो ओळखतो, तो इंग्रजी साहित्यात इतक्या जुन्या काळी भेटतो तो साऱ्या गावाला जागे करणाऱ्या कोंबड्याच्या पायाखाली. शेक्सपिअरचा पाचवा हेन्री अॅजिनकोर्टच्या लढाईपूर्वी सैनिकांना सांगतो, की जो आजच्या दिवसातून जगून घरी परतेल, तो या दिवसाचे नाव निघताच ‘टिपटो’वर उभा राहील, तिथेही अर्थ अभिमानाने ताठ होण्याचा आहे, आवाज दाबण्याचा नाही.

शब्दाचा पाया उंचीचा आहे, शांततेचा नाही, हे यातून दिसते. नाम आधीचे, आणि चालण्याचे क्रियापद नंतरचे, सतराव्या शतकातले. आजच्या इंग्रजीतही उंचीचा अर्थ जिवंत आहे. ‘शी स्टूड ऑन टिपटो टू रीच द शेल्फ’ या वाक्यात कोणी काही लपवत नाही. बाई फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढत आहेत. मराठीत अशा ठिकाणी ‘टाचा उंचावून’ लिहावे आणि ‘दबक्या पावलांनी’ला जवळही फिरकू देऊ नये. मिरवणूक पाहण्यासाठी गर्दीच्या मागच्या रांगेतला माणूस जे करतो, ते याच खणातले. साधी कसोटी अशी आहे, की क्रियापद ‘स्टँड’ असेल तर अर्थ उंचीचा असतो, आणि ‘वॉक’ असेल किंवा ‘टिपटो’ स्वतःच क्रियापद झाले असेल, तर बहुधा शांततेचा.

इंग्रजी वाक्यात बसवताना

नाम म्हणून हा शब्द ‘ऑन’च्या मागोमाग येतो, आणि मध्ये ‘द’ घालण्याचा मोह आवरावा लागतो. ‘ऑन टिपटो’ आणि ‘ऑन टिपटोज’ ही दोन्ही रूपे चालतात. ‘ऑन हर टिपटोज’ असे म्हटले, की घरगुती सूर येतो. केवळ ‘ऑन युअर टोज’ असे म्हटले, तर मात्र अर्थ पार बदलतो: तो वाक्प्रचार दक्ष, सतर्क राहण्याचा आहे. ‘द टीचर कीप्स अस ऑन अवर टोज’ म्हणजे सर आम्हाला गाफील राहू देत नाहीत; सर आम्हाला चवड्यांवर चालवत नाहीत.

क्रियापद म्हणून हा शब्द अकर्मक आहे. खोली ‘टिपटो’ करता येत नाही, खोलीतून करता येते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या चांगल्या शब्दकोशांत या क्रियापदापुढे क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्यय येते अशी बारीक खूण दिलेली असते, आणि बहुतेक वाचक ती न पाहता थेट अर्थाकडे धावतात. ‘इनटू’, ‘आउट ऑफ’, ‘पास्ट’, ‘अक्रॉस’, ‘डाउन’, ‘अवे’ यांपैकी एकाला बरोबर घेतल्यावाचून हे क्रियापद लंगडे वाटते. ‘ही टिपटोड’ एवढ्यावर वाक्य थांबवले, तर वाचक ‘मग गेला कोठे?’ असे विचारतो.

लेखनात दोन ठिकाणी ठेच लागते. भूतकाळी रूप करताना शेवटी आधीच ‘ई’ असल्यामुळे फक्त ‘डी’ जोडायचा, आणि उच्चार ‘टिपटोड’ असा करायचा. ‘टिपटोएड’ असा नव्हे. ‘आयएनजी’ जोडताना मात्र ‘ई’ टाकून द्यायचा नाही. ‘मेक’, ‘टेक’ यांच्या सवयीने हात तो ‘ई’ खोडायला जातो, पण ‘ओ’च्या पाठीवर बसलेला ‘ई’ इंग्रजीत टिकून राहतो, जसा ‘कनू’ म्हणजे होडीच्या क्रियापदात आणि घोड्याला नाल ठोकण्याच्या ‘शू’ या क्रियापदातही टिकतो. आज हा शब्द सलग लिहितात. जुन्या छापील पुस्तकांत मध्ये संयोगचिन्ह दिसते.

‘क्वाएटली’ हे क्रियाविशेषण बरोबर जोडावे की नाही, यावर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. ते जोडले तर व्याकरण बिघडत नाही. पण शांतता क्रियापदातच आहे, ती दोनदा सांगून वाक्याचे वजन वाढत नाही. घाईची क्रियाविशेषणे मात्र खरोखरच अडचणीत आणतात, कारण चवड्यांवर धावणारा माणूस शांत राहत नाही.

मराठी माणूस येथे का अडतो

अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड टाल्मी यांनी भाषांची एक विभागणी मांडली आहे, आणि ती या प्रश्नाला चपखल लागू पडते. काही भाषांत क्रियापद हालचालीची वाट सांगते: शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे. हालचालीची रीत सांगायची असेल, तर क्रियापदाबाहेर वेगळे पद जोडावे लागते: चवड्यांवर चालत शिरला, धावत चढली, रांगत निघाले. इंग्रजीसारख्या भाषांत हे उलटे असते. रीत क्रियापदाच्या पोटात बसते आणि वाट ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘डाउन’ अशा चिमुकल्या शब्दांवर सोपवली जाते. ‘शी टिपटोड इन’ या तीन शब्दांतला ‘इन’ मराठीत मुख्य क्रियापद होतो, ‘आली’ किंवा ‘शिरली’, आणि ‘टिपटोड’ची पदावनती होऊन त्याचे ‘पाय न वाजवता’ असे क्रियाविशेषण होते.

म्हणून या शब्दाचा अनुवाद करताना क्रियापदाला क्रियापद शोधू नये. आधी वाट ठरवावी, ती मराठी क्रियापदात घालावी, आणि मग रीतीसाठी जो तुकडा लागेल तो पुढे ठेवावा. ‘ती आत चवड्यांवर चालली’ हे वाक्य शब्दाला शब्द जुळूनही मोडके वाटते, आणि ‘ती पाय न वाजवता आत आली’ हे शब्दाला शब्द न जुळता बरोबर वाटते. उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, ‘आली’चे ‘केम’ आणि ‘पाय न वाजवता’चे ‘विदाउट मेकिंग एनी साउंड विथ हर फीट’ असे लांबण लावले जाते. ते चूक नसते. पण जिथे एक क्रियापद पुरेल तिथे आठ शब्द खर्चल्याचे इंग्रजी वाचकाला जाणवते.

एकच व्हरांडा, रात्रीचे दोन

शेजारच्या शब्दांपासून ‘टिपटो’ वेगळा काढण्यासाठी मी शिकवताना एकच प्रसंग वापरतो. दोन खोल्यांचे घर आहे, दोन्हींमधून जाणारा अरुंद व्हरांडा आहे. दुसऱ्या पाळीवरून परतलेला माणूस रात्री दोन वाजता कुलूप उघडतो. कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून ठेवतो, चपला दाराबाहेरच काढतो. व्हरांड्यातली तिसरी फरशी सुटलेली आहे आणि तिच्यावर पाय पडला की ‘खट्’ असा आवाज होतो, हे त्याला ठाऊक आहे. पाळण्यात सहा महिन्यांचे बाळ आहे. तो टाचा उचलतो, ती फरशी ओलांडतो आणि पाळण्यावरून पुढे सरकतो. हे ‘टिपटो’ आहे. त्याला काही लपवायचे नाही; कोणाची तरी झोप मोडू नये एवढेच त्याच्या मनात आहे. रुग्णाच्या खोलीत, प्रार्थना चालू असताना, परीक्षेच्या वर्गात उशिरा शिरताना हाच शब्द बसतो, कारण तिथे दुसऱ्याची जाणीव आणि आपला यत्न दोन्ही असतात. (पलीकडच्या खोलीतून ‘अहो, जागीच आहे मी, दिवा लावा,’ असा आवाज येतो ही गोष्ट वेगळी.)

आता याच माणसाला रस्सीखेच करून दुसऱ्या क्रियापदांकडे नेऊ. तो पाळीवर गेलाच नव्हता, पत्ते खेळत बसला होता आणि घरी कळू द्यायचे नाही, असे असेल तर इंग्रजीत तो ‘स्नीक’ करून आत येतो. पाय तसेच पडतात, फरशी तशीच ओलांडली जाते; फक्त मनातला हेतू बदलला आणि क्रियापद बदलले. ‘स्नीक’मध्ये लबाडी असते, मग ती मुलांच्या खोडीइतकी हलकी असो की गुन्ह्याइतकी जड. मराठीत त्याला ‘गुपचूप’ किंवा ‘लपतछपत’ जुळते, आणि निघून जाताना ‘सटकणे’. त्याचे भूतकाळी रूप ‘स्नीक्ड’. अमेरिकेत रुजलेले ‘स्नक’ आता सर्वत्र ऐकू येते, तरी औपचारिक लेखनात पहिले रूप ठेवलेले बरे. आपण पायात घालतो त्या स्नीकर्सना ते नाव मिळाले, ते रबरी तळव्यामुळे पावलांचा आवाज होत नसे म्हणून, हे सांगितले की विद्यार्थी हा शब्द विसरत नाहीत.

घरात चोर शिरल्याचा संशय आला आणि तो माणूस वाकून, भिंतीला धरून, एकेक पाऊल चाचपत पुढे सरकू लागला, तर ते ‘क्रीप’. त्याचे भूतकाळी रूप ‘क्रेप्ट’. येथे टाचेपेक्षा मंदपणा आणि खाली झुकलेले शरीर महत्त्वाचे असते. मूळ अर्थच सरपटण्याचा आहे, म्हणून वेलीला ‘क्रीपर’ म्हणतात आणि अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टीला ‘क्रीपी’. ‘दबक्या पावलांनी’ हे मराठी शब्द ‘टिपटो’पेक्षा ‘क्रीप’ला अधिक शोभतात, असे माझे मत आहे, कारण दबण्यात अंग चोरणे येते.

पहाटे चार वर्षांची थोरली मुलगी उठून, डोळे चोळत, अनवाणी पायांनी स्वयंपाकघराकडे पाणी प्यायला गेली, तर तिच्यासाठी ‘पॅड’. तिला कोणाला फसवायचे नाही, कोणाची झोपही जपायची नाही. पाय मऊ आहेत आणि बूट नाहीत, म्हणून आवाज नाही. या ‘पॅड’चा आपल्या ओळखीच्या लेटरपॅडशी किंवा क्रिकेटच्या पॅडशी संबंध लावू नये. चालण्याचा ‘पॅड’ डच भाषेतल्या वाट या अर्थाच्या शब्दाकडून आला, आणि पायी फिरून वाटमारी करणाऱ्याला पूर्वी इंग्रजीत ‘फुटपॅड’ म्हणत. मांजरासाठी, सिंहासाठी, गालिच्यावरून अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी हे क्रियापद आहे. पोलादी टाचांच्या बुटांत कोणी ‘पॅड’ करत नाही.

‘स्टील’ मला सर्वांत आवडतो, कारण त्याची आणि मराठीची इथे अचानक गाठ पडते. चोरण्याचे हे क्रियापद इंग्रजीत गुपचूप सरकण्यासाठीही वापरतात: ‘ही स्टोल आउट ऑफ द रूम’. आपणही नेमके तेच केले आहे, ‘चोरपावलांनी’ हा शब्द घडवून. तेव्हा ‘चोरपावलांनी निघून गेला’ याला ‘स्टोल अवे’ इतका जवळचा शब्द मिळणार नाही. मात्र त्याला किंचित ग्रंथी सूर आहे. बोलताना तो फारसा येत नाही. ‘स्टेल्थ’ हे त्याचेच भावंड, आणि रडारला न दिसणाऱ्या विमानांमुळे ते वर्तमानपत्रांतून आपल्या ओळखीचे झाले आहे. भक्ष्याच्या शोधात फिरणाऱ्या जनावरासाठी ‘प्राउल’ आहे. त्यात मुक्कामाचे ठिकाण नसते, घिरट्या असतात, आणि मुंबईच्या सीमेवरच्या जंगलालगतच्या वस्त्यांत बिबट्या फिरल्याची इंग्रजी बातमी आली, तर ते हमखास दिसते.

पाऊल सुटते, विषय उरतो

सुरुवातीच्या वाक्याकडे आता परत जाता येईल. ‘टिपटो अराउंड’ यात चालणे पूर्ण लोपलेले असते आणि उरतो तो यत्न: एखादा विषय किंवा एखादा माणूस डिवचला जाऊ नये म्हणून घेतलेली काळजी. ‘अराउंड’च्या पुढे विषय आला आहे की माणूस, हे पाहून मराठी शब्द निवडावा. विषय असेल तर ‘बगल देणे’, ‘त्याला हात न घालणे’, ‘जपून बोलणे’. माणूस असेल तर ‘मर्जी सांभाळणे’, ‘त्याच्यापुढे जपून वागणे’. अनुवादात ‘अराउंड’चे ‘भोवती’ करण्याचा हात आवरला, की अर्धे काम झाले.

याच्याच घरातला दुसरा वाक्प्रचार म्हणजे अंड्यांच्या टरफलांवर चालणे. इंग्रजीत तो सर्रास आहे, आणि मराठीत तो हल्ली शब्दशः उतरलेला दिसू लागला आहे. मला तो परकाच वाटतो. दोन्हींत फरक आहे. टरफलांवर चालणारा माणूस समोरच्याच्या रागाला भ्यायलेला असतो, आणि किती जपले तरी काहीतरी फुटणारच हे त्याला ठाऊक असते. ‘टिपटो अराउंड’मध्ये भीती असेलच असे नाही, सौजन्यही असू शकते. नुकतेच दुःख झालेल्या घरी लोक मृत्यूचा विषय टाळतात, ते ‘टिपटो’ आहे, टरफले नव्हेत.

‘पुसीफूट’ हा त्याहून निराळा आणि टीकेचा शब्द आहे. अमेरिकेत रुजलेल्या या शब्दाने आधी मांजराच्या पावलांची चाल दाखवली आणि मग धड होय नाही की धड नाही नाही, असे गुळमुळीत बोलण्याचा अर्थ घेतला. दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता विल्यम जॉन्सन याला हे टोपणनाव चिकटले होते, कारण बेकायदा दारू विकणाऱ्यांचा तो मांजराच्या पावलांनी माग काढी. गडी स्वतःच्या मताबाबत मात्र मुळीच गुळमुळीत नव्हता; 1919 साली लंडनमध्ये दारूबंदीचे भाषण करायला गेला असता विद्यार्थ्यांच्या जमावाने केलेल्या दंग्यात त्याचा एक डोळा गेला. आज एखाद्या मंत्र्याला ‘स्टॉप पुसीफुटिंग’ असे सुनावले जाते, तेव्हा मराठीत ‘ताकाला जाऊन भांडे लपवू नका’ याहून चांगले उत्तर सापडणार नाही. ‘टिपटो’ला ही म्हण लागू करू नये; टिपटो करणाऱ्याच्या हातात भांडे नसते.

औपचारिक लेखनात, म्हणजे अहवालात किंवा कार्यालयीन पत्रात, ‘द कमिटी टिपटोड अराउंड द इश्यू’ असे लिहिले तर ते नुसते वर्णन राहत नाही. समितीने हिंमत दाखवली नाही असा ठपका त्यात येतो. तो द्यायचा नसेल, तर ‘अव्हॉइडेड’ किंवा ‘डिड नॉट अॅड्रेस’ असे रुक्ष शब्द बरे.

‘हळूच’ला इंग्रजी शोधताना

सगळ्यात मोठी कसरत उलट प्रवासात असते, कारण आपला ‘हळूच’ फार मोकळ्या मनाचा शब्द आहे. मंदपणा, शांतता, लपवाछपवी, कोवळीक आणि थोडा मिश्कीलपणा, हे सगळे तो एकाच वेळी सांभाळतो. ‘तिने हळूच विचारले’, ‘त्याने हळूच चिमटा काढला’, ‘मांजर हळूच आले’ या तीन वाक्यांत तो तीन वेगळी कामे करतो, आणि इंग्रजीत त्याला एकच प्रतिशब्द लावण्याचा हट्ट धरला, तर तीनपैकी दोन वाक्ये बिघडतात. चालण्याच्या वाक्यात ‘हळूच’ दिसला, की मी आधी विचारतो: चालणारा कोणासाठी गप्प आहे? दुसऱ्याच्या झोपेसाठी असेल तर ‘टिपटो’, स्वतःच्या बचावासाठी असेल तर ‘स्नीक’, भीतीने असेल तर ‘क्रीप’, आणि कोणासाठीच नसून पायच मऊ असतील तर ‘पॅड’.

एक वाक्य घेऊन पाहू. ‘दुपारी आजी झोपली, की आम्ही हळूच माळ्यावर चढायचो.’ माळ्यावर जायला मनाई होती का, हे आधी ठरवावे लागेल. मनाई असेल तर ‘वी वुड स्नीक अप टू द लॉफ्ट’, आणि आजीने रागावण्याचा प्रश्नच नसून तिची झोप तेवढी जपायची असेल, तर ‘वी वुड टिपटो अप टू द लॉफ्ट’. बहुतेक जण एवढ्यावर थांबतील. पण माळ्याला जिना होता की शिडी, हेही पाहायला हवे. जिना असेल तर ‘टिपटो’ चालेल. शिडीच्या पायरीवर मात्र माणूस असाही चवडाच टेकवतो, टाच तिथे बाहेरच राहते. उचलायला टाचच उरली नाही, तर ‘टिपटो’ कशाचा करणार? तिथे ‘टिपटोड पास्ट ग्रँडमदर अँड क्लाइम्ड अप’ असे वाक्याचे दोन भाग करावेत: आजीच्या खाटेपर्यंत ‘टिपटो’, आणि शिडीपासून पुढे साधे चढणे.